रक्त वाढले म्हणून हरखू नका!

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात रक्ताचा विषय निघाला की बोलणे होते ते रक्त कमी असल्याचे. सिकलसेल, पंडुरोग ही नावे बायाबापड्यांच्याही तोंडी असतात. म्हणूनच कुणाचे हिमोग्लोबिन अठरा निघाले, तर आम्ही सारे "तब्येत ठणठणीत!" म्हणून मोकळे होतो. नेमके येथेच चुकते.

हाडांच्या पोकळीतील मगज, म्हणजे अस्थिमज्जा, हा रक्तपेशींचा कारखाना. क्वचित तेथील एखादी मूळ पेशी बिघडते आणि गरज नसताना पेशी तयार करीत सुटते. तांबड्या पेशी वाढल्या तर त्याला 'पॉलिसायथेमिया व्हेरा' म्हणतात. प्लेटलेट वाढल्या तर 'इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया'. डॉ. विल्यम डेमशेक यांनी १९५१ साली असे आजार एकाच कुळातले असल्याचे मांडले. २००५ साली 'जॅक-२' जनुकातील बिघाड सापडला. पॉलिसायथेमिया व्हेराच्या १०० पैकी सुमारे ९५ रुग्णांत तो असतो.

सिकलसेल आईवडिलांकडून येतो. हा बिघाड मात्र बहुधा आयुष्यात पुढे केव्हातरी होतो. स्पर्शाने तो पसरत नाही. तेव्हा वडिलांना हा आजार आहे म्हणून लेकीची सोयरीक मोडणे हा निव्वळ अन्याय होय.

लक्षणे साधीच असतात. डोके जड होणे, चेहरा लालबुंद दिसणे, गरम पाण्याने आंघोळ केल्यावर अंगाला खाज सुटणे, तळहात-तळपायांची आग, डाव्या बरगडीखाली पाणथरी वाढणे. खाजेला मलम आणि पाणथरीला गंडादोरा करण्यात दिवस जातात. इकडे रक्त घट्ट होऊन गुठळी होते आणि लकवा किंवा हृदयविकाराचा झटका येतो.

उपाय आहेत. रक्तदानात काढतात तसे रक्त काढून 'हिमॅटोक्रिट' ४५ टक्क्यांच्या खाली ठेवतात. "रक्त काढले तर माणूस खंगेल" ही भीती येथे धरू नये. सोबत थोड्या मात्रेत ॲस्पिरिन आणि गरजेनुसार हायड्रॉक्सियुरिया देतात. सिकलसेलच्या रुग्णांना दिली जाते तीच ही गोळी. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी कुणाची गोळी घेऊ नये.

विडी-सिगारेट, फुप्फुसाचे जुने दुखणे यांनीही हिमोग्लोबिन वाढते. म्हणून घाबरू नये, तपासावे. पुरुषांत १६.५ आणि स्त्रियांत १६ च्या वर हिमोग्लोबिन, किंवा साडेचार लाखांवर प्लेटलेट पुन्हा पुन्हा आल्या, तर तो कागद घेऊन यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. रक्ताचा कागद कपाटात ठेवण्यासाठी नसतो, वाचून घेण्यासाठी असतो.