मोडीतला गुरू

सोनाराच्या पेढीवर 'मोड' हा शब्द फार थंडपणे उच्चारला जातो. गेल्या मार्गशीर्षात आत्याबरोबर कोल्हापूरच्या गुजरीत गेलो, तेव्हा तो प्रथमच माझ्या कानाला टोचला. नातीचे लग्न ठरले होते. तिला नव्या धर्तीचा हार हवा होता आणि त्यासाठी आत्याने आपल्या सासूबाईंची बोरमाळ पिशवीतून काढून दिली.

माळ तराजूत पडली. "आजी, आतली लाख वजा होईल हं," दुकानदार म्हणाला.

आत्याचा चेहरा उतरला. "म्हणजे इतकी वर्षं मी लाख मिरवली म्हणायची!"

मागे बसलेल्या एका वयस्क कारागिराने हे ऐकले. त्याने माळ मागून घेतली आणि चेपलेला एक मणी उजेडात धरला. "आजी, ही फसवणूक नव्हे. सोन्याचा पातळ पत्रा ठशात ठोकून दोन वाट्या करायच्या, डाख देऊन त्या जोडायच्या आणि भोकातून लाख भरायची. लाखेच्या आधाराने पत्रा टिकतो. थोड्या सोन्यात गळा भरलेला दिसावा, म्हणून ही विद्या!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, यात सांधा दिसतो का बघा. मला अजून असा साधत नाही."

मी विचारले, "वडिलांनी शिकवलं नाही?"

तो हसला. १९६३ साली सुवर्णनियंत्रण आले आणि १४ कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडवण्यास बंदी झाली. कित्येक सोनारांची चूल त्या दिवसांत विझली. त्याच्या वडिलांनीही हत्यारे गुंडाळली, ती पुन्हा उघडली नाहीत. पुढे हा मुलगा शिकला तो मोडीकडून. मुशीत जाणारा प्रत्येक जुना डाग आधी भिंगाखाली धरायचा, फुटका असेल तर उकलायचा आणि तसाच तांब्यात घडवून बघायचा.

घरी येताना मला पुतळ्यांची माळ आठवली. व्हेनिसचे सोन्याचे नाणे व्यापारातून आपल्याकडे आले. त्यावरच्या मानवाकृती पाहून आपण त्याला 'पुतळी' म्हटले आणि त्या नाण्यांची माळ बायकांच्या गळ्यात घातली. हाती आलेल्या जुन्या वस्तूतून नवा दागिना घडवणे ही आपली जुनीच रीत! मात्र त्यासाठी ती वस्तू कोणीतरी आधी निरखून पाहावी लागते. मुशीला सारे दागिने सारखेच.

आत्याची बोरमाळ अखेर मोडली. लग्नाचा खर्च कोणाला चुकला आहे? पण तो चेपलेला मणी कारागिराने वजनाचे पैसे देऊन ठेवून घेतला.

परवा दिवाळीच्या खरेदीला गेलो, तेव्हा त्याने हाक मारली. पुढ्यात तशाच घाटाच्या तांब्याच्या मण्यांची ओळ मांडली होती. पहिल्या मण्यावरचा सांधा चांगलाच दिसत होता, शेवटच्यावर मला तो शोधावा लागला.

"अजून दिसतो," तो म्हणाला, "पण आजींना सांगा, त्यांचा मणी शिकवतोय."

मी आत्याला सांगितले. ती काही बोलली नाही, पण तिचा हात नकळत गळ्याशी गेला.