जुना संगणक भंगारात काढण्याआधी

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तरीही या अटींत न बसणारा, पण धडधाकट चालणारा संगणक धाराशिव, तुळजापूर, उमरग्यातल्या घरांनी टाकून द्यावा, हे मला मुळीच पटत नाही. सातबारा, महाडीबीटीचा अर्ज, वीजबिल ही घरची कामं ब्राउझरमध्येच होतात. त्यासाठी विंडोजच्या जागी बसवता येणारी लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली पुरेशी आहे. ती मोफत मिळते, ४ जीबी रॅमवर नीट चालते, तिच्यात इन्स्क्रिप्ट मराठी कळफलक असतो आणि बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते.

टॅली किंवा श्रीलिपीवर ज्यांचं पोट आहे, त्यांचा आक्षेप मात्र खरा आहे: ही सॉफ्टवेअरं लिनक्सवर थेट चालत नाहीत. त्यांनी विंडोज सोडू नये. ‘बसवताना वीज गेली तर?’ ही भीतीही रास्तच. म्हणून आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवावीत, डेस्कटॉप यूपीएसवर ठेवावा आणि लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरावी. अर्धवट राहिलेली बसवणी त्याच पेनड्राइव्हवरून पुन्हा करता येते. पण पुसलेले फोटो परत मिळतीलच असं नाही.