वस्ताद आणि पठ्ठे

पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे गाव वारणेच्या खोऱ्यात वसले आहे. कोल्हापूरच्या या मुलखात कुस्तीची परंपरा फार जुनी. तालमीच्या तांबड्या मातीत मुले घाम गाळतात; त्यांच्या बळाला वळण लावतात ते वस्ताद.

जाणते वस्ताद नवख्या मुलाला कसलेल्या मल्लाशी झुंजवीत नाहीत. ते त्याच्या तोडीचा जोडीदार पाहतात. डाव चुकला, तर एका वेळी एकच दोष दाखवितात आणि तो सुधारेपर्यंत डाव पुन्हा पुन्हा करवून घेतात. डाव साधला की मुलाला स्वतःविषयी भरवसा वाटतो. दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन तालमीत येतो. याउलट, ज्याला पदोपदी बोलणीच खावी लागतात, त्याचे लक्ष डावावरून उडून वस्तादांच्या मुद्रेकडे लागते. मग अंग आखडते, खेळ बिघडतो आणि गोडीही सरते.

योग्य शिकवणीचे मोल खाशाबा जाधव यांच्या चरित्रात दिसते. कराडजवळच्या गोळेश्वर गावी वडील दादासाहेब हेच त्यांचे पहिले गुरू. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मातीऐवजी मॅटवर लढावे लागले. तेथे अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी त्यांना मार्गदर्शन केले. खाशाबांना सहावा क्रमांक मिळाला. ते खचले नाहीत. त्यांनी सराव वाढविला. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

कुस्ती असो वा रग्बी, बळ खेळाडूचेच असते. त्या बळाची त्याला ओळख करून देणे, हेच गुरूचे खरे काम होय.