उडवणाराच मिस्त्री

गाणगापूरच्या ईशान्येला बीदरचा हवाई तळ आहे. २००८ पासून तिथे हॉक विमानांवर लढाऊ वैमानिक घडतात. विमान उतरलं की वैमानिक कॉकपिटमधून बाहेर पडतो आणि यंत्राचा ताबा तंत्रज्ञांकडे जातो. पायदळात आलेल्या छोट्या ड्रोननं ही वाटणीच मोडीत काढली आहे.

एफपीव्ही (फर्स्ट पर्सन व्ह्यू) ड्रोन म्हणजे कार्बन फायबरची चौकट, चार मोटारी, त्यांचा वेग सांभाळणारा सर्किट बोर्ड, फ्लाइट कंट्रोलर, कॅमेरा, अँटेना आणि बॅटरी. कॅमेऱ्याला दिसतं ते चालकाला गॉगलमध्ये दिसतं. सगळे भाग सुटे, त्यामुळे मोटार जळली तर तेवढी मोटार बदलायची. मात्र त्यासाठी जवानाला सोल्डरिंग यायला हवं. दोन पंखे घड्याळाच्या दिशेनं फिरतात, दोन उलटे. एक जरी चुकीच्या जागी बसला, तरी ड्रोन उठतानाच कलंडतं. उंचावरच्या थंडीत बॅटरीचा जोर लवकर ओसरतो, हेही जवानाला ठाऊक असावं लागतं. नुसत्या सिम्युलेटरवर हात बसवून भागत नाही.

लष्कराच्या रायझिंग स्टार कोअरनं हेच ओळखलं. ऑगस्ट २०२४ मध्ये चंडीगडच्या टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरीच्या साथीनं तिथे स्फोटकवाहू एफपीव्ही ड्रोनचं काम सुरू झालं. जोडणी लष्करातच, खर्च नगाला सुमारे १.४० लाख रुपये. स्फोटकाला दुहेरी सुरक्षा आहे. स्फोट घडवण्याची कळ फक्त चालकाच्या हाती.

हा प्रयोग आता एका कोअरपुरता राहिलेला नाही. २६ जुलै २०२५ ला द्रासमध्ये लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी पायदळाच्या बटालियनमध्ये ड्रोन प्लाटून उभारण्याची घोषणा केली. डेहराडून, महू आणि चेन्नईच्या लष्करी संस्थांत ड्रोन प्रशिक्षणाची सोय झाली.

कारखान्यातून तयार येणारी यंत्रंही आहेतच. नागपूरच्या नागास्त्र-१ या स्फोटकवाहू ड्रोनची पहिली १२० नगांची खेप जून २०२४ मध्ये पुलगावच्या दारूगोळा भांडारात पोहोचली. लक्ष्य सोडून द्यावं लागलं तर ते पॅराशूटनं परत उतरतं आणि पुन्हा वापरता येतं.

तरीही खोलून बघण्याची विद्या लागतेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिनी सुट्या भागांच्या कारणावरून लष्करासाठीच्या सुमारे ४०० ड्रोनचे करार रद्द झाले. आत कोणता बोर्ड बसलाय, हे जवानालाच ओळखता आलं, तर कागदोपत्री ‘स्वदेशी’ची पहिली तपासणी छावणीतच होईल.