गार पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे

वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी लागते. पुढे महाबळेश्वर. समुद्रापासून सुमारे १,३७० मीटर उंच. तिथली हवा गार, पाणीही गार. डोंगरातला झरा कसा नितळ दिसतो! लोक म्हणतात, "असल्या गारठ्यात कसले आलेत जंतू?"

मंडळी, इथंच आपण फसतो.

पोटाच्या रोगांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि गारव्यानं मरतही नाहीत. कणगीतलं बियाणं बघा. गार, कोरड्या जागी ते निपचित पडून राहतं. ऊब आणि ओल मिळाली की उगवतं. जंतूंचंही काहीसं तसंच आहे. विषमज्वराचे आणि काविळीचे जंतू गार पाण्यात जास्त दिवस टिकतात. जंतांची अंडी ओल्या, सावलीतल्या मातीत महिनोन्‌महिने राहतात. ती पोटात गेली, की त्यांना ऊब मिळते. मग रोग सुरू होतो.

हे जंतू पाण्यात येतात कुठून? माणसाच्या विष्ठेतून. वरच्या वाडीतला माणूस ओढ्याकाठी बसतो. पाऊस पडला की घाण ओढ्यात उतरते. खालच्या वाडीतली बाई त्याच ओढ्यावर घागर भरते. कृष्णामाई महाबळेश्वराला उगम पावते, मग वाईला येते. वरचं गाव पाण्यात जे सोडतं, ते खालच्या गावाच्या वाट्याला येतं.

डोंगरातल्या वाडीला धोका जास्त. दरड कोसळली, रस्ता बंद झाला, तर दवाखाना गाठायचा कसा? जुलाबानं अंगातलं पाणी आणि मीठ निघून जातं. लहान मूल काही तासांत सुकतं. अशा वेळी घरचंच औषध जीव वाचवतं.

१९७१ साली बंगालमध्ये बनगाव इथं निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन पुरेना. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि साखर घातलेलं पाणी रोग्यांना पाजलं. पुष्कळांचे प्राण वाचले.

ते पाणी घरी असं करा. १ लिटर उकळून गार केलेलं पाणी घ्या. त्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. मीठ जास्त घालू नका. घोट घोट पाजत राहा. अंगावरचं दूध तोडू नका. आशाताईंकडे याची तयार पुडी मिळते. जुलाबात रक्त पडलं, डोळे खोल गेले किंवा मूल पाणी पिईना, तर मात्र दवाखाना गाठाच.

रोग येऊच नये म्हणून एवढं करा :

पिण्याचं पाणी खळखळा १ मिनिट उकळा. डोंगरावर पाणी थोड्या कमी उष्णतेला उकळतं, तरी जंतू मरतात.

पाणी झाकून ठेवा. ओगराळ्यानं काढा.

संडासातच बसा. साबणानं हात धुवा.

आज रात्री चूल विझवण्याआधी उद्याचं पाणी उकळून ठेवा.