पुण्याहून कागलपर्यंत एकही पंप नाही

२०२३ च्या जानेवारीत पश्चिम ऑस्ट्रेलियात एक वस्तू हरवली. आठ मिलिमीटर उंच, सहा मिलिमीटर जाड. तिच्या आत सीझियम-१३७ हा किरणोत्सर्गी पदार्थ होता. न्यूमन गावाच्या उत्तरेकडच्या एका खाणीतून पर्थकडे निघालेल्या ट्रकमधून ती वाटेत कुठेतरी पडली, आणि वाट होती सुमारे १,४०० किलोमीटरची. मुंबई ते दिल्ली रस्त्यावर कुठेतरी पडलेला एक वाटाणा शोधा, असं कुणी सांगितलं तर आपण त्याच्याकडे बघत राहू. तिथल्या माणसांनी शोध सुरू केला. किरणोत्सर्ग टिपणारी यंत्रं गाडीवर बसवली, गाडी ताशी ७० किलोमीटरने हाकली आणि १ फेब्रुवारीला न्यूमनपासून ७४ किलोमीटरवर, रस्त्याच्या कडेपासून दोन मीटरवर ती वस्तू सापडली.

न्यूमन ज्या ईस्ट पिल्बरामध्ये येतं, ती एक स्थानिक स्वराज्य संस्था आहे. आपल्याकडे नगरपालिका पाहते तसा कचरा, रस्ते, वाचनालय पाहणारी. तिचं क्षेत्रफळ ३ लाख ७० हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. अख्खा महाराष्ट्र ३ लाख ८ हजारांत संपतो. लोकसंख्या मात्र दहा हजारांच्या आसपास. याच हद्दीत मार्बल बार नावाचं खेडं आहे. तिथे ३१ ऑक्टोबर १९२३ पासून ७ एप्रिल १९२४ पर्यंत, सलग १६० दिवस, दिवसाचा कमाल पारा एकदाही ३७.८ अंशांच्या खाली थांबला नाही. १६० दिवस म्हणजे आपल्याकडे दिवाळीला लागलेला वैशाख गुढीपाडवा उलटला तरी न हटणं.

असे आकडे वाचून आपण थक्क होतो आणि पान उलटतो. पण या मुलखातून जो एकटा गाडी चालवत जातो त्याला पान उलटता येत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक आकड्याचं लिटरमध्ये रूपांतर होतं: पेट्रोल किती, पाणी किती.

स्टुअर्ट हायवेच घ्या. दक्षिणेच्या पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेच्या डार्विनपर्यंत, खंडाच्या मधोमध, २,७०० किलोमीटरहून लांब. मुंबईहून गुवाहाटी साधारण तेवढीच. मुंबई-गुवाहाटी वाटेवर किती शहरं, किती कोटी माणसं लागतात ते मोजायला बसू नका. स्टुअर्ट हायवेवर मधे नाव घेण्याजोगी गावं चार: कूबर पीडी, ॲलिस स्प्रिंग्ज, टेनंट क्रीक आणि कॅथरिन. चौघांची लोकसंख्या एकत्र केली तरी चाळीस हजारांच्या आत. बाकी सगळी रोडहाऊस. म्हणजे पेट्रोल पंप, खानावळ, लॉज, दुकान आणि कधीकधी पोस्ट, सगळं एका छपराखाली. ग्लेनडॅम्बो सोडलं की कूबर पीडीपर्यंत सुमारे २५० किलोमीटर पंप नाही. पुण्याहून निघालात, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर सगळं मागे टाकलंत आणि कागल आलं, तेव्हा पहिला पंप. मधे टपरी नाही, पंक्चरवाला नाही, सावली धरावी असं झाडही क्वचित. आणि हा ऑस्ट्रेलियातला सोपा रस्ता मानला जातो, कारण तो पूर्ण डांबरी आहे. पूर्ण डांबरी झाला तोही १९८७ मध्ये.

या रस्त्यावर सोबतीला असते ती रोड ट्रेन. एका इंजिनामागे जोडलेले तीन-चार ट्रेलर, कायद्याने जास्तीत जास्त ५३.५ मीटर लांबीचे, आणि भरल्यावर वजन शंभर टनांच्या वर. हिला मागे टाकायचं गणित एकदा कागदावर मांडून पाहावं. ती ताशी १०० ने चालली आहे. तुम्ही उत्तरेच्या टापूत, जिथे मर्यादा १३० आहे. मागे पन्नास मीटर अंतर ठेवून बाहेर पडलात, पुढे पन्नास मीटर गेल्यावर परत डावीकडे आलात, तर तिच्याहून सुमारे १५८ मीटर जास्त कापायचे. वेगातला फरक ताशी ३० चा, म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या थोडा वर. एकोणीस सेकंद लागतात. या एकोणीस सेकंदांत तुमची गाडी जवळपास ७०० मीटर पुढे जाते, आणि समोरून कुणी तेवढ्याच वेगाने येत असेल तर तोही ७००. दीड किलोमीटर मोकळा रस्ता दिसला तरच बाहेर पडायचं. सपाट मुलखात तेवढा दिसतो, पण उन्हाच्या झळांत दूरची गाडी थबकलेल्या ठिपक्यासारखी वाटते आणि येतेय की जातेय ते लवकर कळत नाही. शेजारच्या सीटवर कुणी असतं तर त्याने सांगितलं असतं. एकट्याने थांबावं. दहा मिनिटं मागे राहिल्याने २,७०० किलोमीटरांत काही बिघडत नाही.

डांबर सोडून उडनाडाटा ट्रॅकला लागलं की दुसरंच गणित सुरू होतं. मरीपासून मार्लापर्यंत सहाशेहून अधिक किलोमीटर कच्चा रस्ता. कच्च्या रस्त्यावर वाहनांच्या चाकांनी आडव्या लाटा उठतात, पन्हाळी पत्र्यासारख्या. दर अर्ध्या मीटरला एक लाट धरली तर सगळ्या ट्रॅकवर गाडीला बाराएक लाख दणके. ताशी ८० ने सेकंदाला चव्वेचाळीस. नट सैल होतात, पाण्याच्या कॅनला चीर जाते, बॅटरीची वायर निसटते. म्हणून अनुभवी माणसं टायरमधली हवा कमी करतात आणि संध्याकाळी मुक्कामाला थांबल्यावर पान्हा घेऊन गाडीखाली शिरतात.

याच ट्रॅकवर विल्यम क्रीक लागतं: एक हॉटेल, एक धावपट्टी, डझनभर माणसं. त्याच्या चहूबाजूंनी ॲना क्रीक हा गुरांचा मळा आहे. क्षेत्रफळ सुमारे १५,७०० चौरस किलोमीटर. पुणे जिल्हा १५,६४३. जुन्नरपासून इंदापूरपर्यंत, लोणावळ्यापासून दौंडपर्यंतचा सगळा जिल्हा, २०११ च्या जनगणनेत ९४ लाख माणसांचा, तो एका मालकाच्या नावावर आणि त्यात गुरं आणि मोजके गुराखी. २०१६ मध्ये एक तुकडा वेगळा विकला गेला, त्याआधी तो २३ हजारांच्या वर होता. पाऊस इतका कमी की एका गाईला चरायला आपल्या कल्पनेपलीकडची जमीन लागते, म्हणून हा आकार. त्यात श्रीमंतीपेक्षा कोरडेपणाच जास्त आहे.

मग इतक्या कोरड्या मुलखात रस्ता नेमका इथूनच का गेला? या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्या आकड्यांत सर्वांत मोलाचं वाटतं. खाली ग्रेट आर्टेशियन बेसिन आहे, जमिनीखालचा पाणीसाठा, १७ लाख चौरस किलोमीटर पसरलेला; निम्म्या भारताहून मोठा. क्वीन्सलंडच्या पूर्वेकडच्या डोंगरांत पडलेला पाऊस वाळूच्या दगडात मुरतो आणि वर्षाला एक ते पाच मीटर अशा चालीने पश्चिमेकडे सरकतो. हजार किलोमीटरला वर्षाला मीटरभर, म्हणजे दहा लाख वर्षं. बेसिनच्या कडेला ते पाणी दाबाने वर येतं आणि माळावर झरे फुटतात. कॉवर्ड स्प्रिंग्जजवळचा एक झरा जवळून पाहण्यासारखा आहे. क्षारांचा बुटका उंचवटा, माथ्यावर काही पावलांचं तळं, आणि तळातून थोड्या थोड्या वेळाने वाळूचा एक फुगा फुगत वर येतो, फुटतो, रेती गोल फिरत खाली बसते, पुन्हा दुसरा. कडेला हिरवं लव्हाळं आणि त्यापलीकडे क्षितिजापर्यंत दगड. आपल्या जातीची माणसं पृथ्वीवर यायच्या आधी पडलेला पाऊस तिथे बुडबुड्यातून बाहेर येत असतो.

हे झरे एका ओळीत आहेत. ती ओळ अरबाना आणि शेजारच्या आदिवासी जमातींना हजारो वर्षं ठाऊक होती. गेरू आणि दगडाच्या व्यापाराची त्यांची वाट याच झऱ्यांवरून जायची. जॉन मॅकडूअल स्टुअर्ट हा शोधप्रवासी याच झऱ्यांचा माग धरून उत्तरेकडे सरकला आणि अनेक प्रयत्नांनंतर २४ जुलै १८६२ ला उत्तर किनाऱ्याच्या समुद्राला पोचला. परतताना डोळे गेलेले, स्कर्व्हीने अंग मोडलेलं. बराच पल्ला त्याला घोड्यांमधल्या झोळीत घालून आणावं लागलं. त्याच्या वाटेने दहा वर्षांत तारयंत्राची लाइन गेली: ३,२०० किलोमीटर, ३६ हजार खांब, दोन वर्षांत. वाळवीने लाकडी खांब खाल्ले, तेव्हा लोखंडी आणले. ऑगस्ट १८७२ मध्ये तारा जुळल्या आणि बोटीने महिन्यांनी पोचणारी बातमी तासांत पोचू लागली. या तारेचा पुढचा मार्ग मराठी वाचकाने माहीत करून घ्यावा असा आहे. डार्विनहून समुद्राखालून जावा, तिथून सिंगापूर, मद्रास, मद्रासहून जमिनीवरून मुंबई, आणि मुंबईहून पुन्हा समुद्राखालून एडन, सुएझ, लंडन. ॲडलेडच्या व्यापाऱ्याने लोकरीचा भाव विचारला तर तो प्रश्न ओसाड झऱ्यांवरून निघून आपल्या मुंबईतून पुढे जात असे.

तारेसाठी, रेल्वेसाठी, मळ्यांसाठी सामान वाहिलं उंटांनी. आणि उंट हाकणारे आले अफगाणिस्तानातून आणि तेव्हाच्या हिंदुस्थानातून: बलुचिस्तान, पंजाब, सिंध. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या शोधमोहिमेसाठी दोन डझन उंट कराचीहून बोटीवर चढले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. हे उंटवाले मरीला स्थायिक झाले, मातीची मशीद बांधली, खजूर लावले. गोरे लोक त्या सगळ्यांना सरसकट अफगाण म्हणत, आणि ॲडलेड-डार्विन धावणाऱ्या गाडीचं ‘द घॅन’ हे नाव त्यांच्यावरून पडलं. २,९७९ किलोमीटरच्या त्या गाडीत आज पर्यटक आरामात बसतात. सामान वाहणाऱ्या किती माणसांची नावं कुठे नोंदलेली नाहीत, हे मला खरंच सलतं.

एकट्याने केलेला प्रवास म्हटलं की रॉबिन डेव्हिडसनचं नाव निघतं. १९७७ मध्ये चार उंट आणि एक कुत्रा घेऊन ती ॲलिस स्प्रिंग्जहून पश्चिम किनाऱ्यापर्यंत २,७०० किलोमीटर चालली. पण तिच्या प्रवासातही पित्जंत्जत्जारा जमातीचे एक वडीलधारे गृहस्थ बराच पल्ला सोबत चालले होते. पाणी कुठे आहे आणि कुठल्या जागेवर पाऊल ठेवायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. या मुलखात निव्वळ स्वतःच्या बळावर एकटं कुणीच जात नाही.

तसं जाता येतं असं समजणाऱ्यांचं काय होतं त्याचीही नोंद आहे. १९६३ च्या डिसेंबरात बर्ड्सव्हिल ट्रॅकच्या भागात पाच जणांचं एक कुटुंब वाट चुकलं, पेट्रोल संपलं, पाणी दोन दिवसांचं. गाडीवर चिठ्ठी ठेवून ते चालत निघाले. पाचही जण तहानेने गेले. ती गोष्ट तिथे आजही सांगतात ती एका कारणासाठी: गाडी सोडायची नाही. आकाशातून शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही. उडनाडाटाला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान मोजलं गेलं होतं. तशा उन्हात चालणारा माणूस काही तासांत आडवा होतो. माणशी दिवसाला पाच ते दहा लिटर पाणी, आणि गाडी बंद पडली तर चार-पाच दिवस पुरेल इतकं जादा, हा हिशोब म्हणूनच सांगितला जातो. मेलबर्न-सिडनीला शिकायला गेलेली आपली मुलं सुट्टीत भाड्याची गाडी काढून तिकडे निघतात. त्यांनी आधी भाडेकरार नीट वाचावा. बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर जायला मनाई असते. फोनवर विसंबू नये. ऑस्ट्रेलियातली मोबाइल सेवा ९९ टक्के लोकसंख्येपर्यंत पोचते, पण भूभागाच्या सुमारे एक तृतीयांशच भागावर. सॅटेलाइट फोन किंवा संकटाचा इशारा देणारं यंत्र भाड्याने मिळतं. आणि पुढच्या मुक्कामी कधी पोचणार ते कुणाला तरी सांगून निघावं.

इशारा पोचला की येते रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस. जॉन फ्लिन या पाद्र्याच्या ध्यासातून १९२८ च्या मे महिन्यात क्वीन्सलंडमधल्या क्लॉनकरीहून तिचं पहिलं विमान उडालं. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड ट्रेगरने पायाने पॅडल मारून वीज निर्माण करणारा रेडिओ बनवला, म्हणजे वीज नसलेल्या मळ्यातूनही हाक मारता येऊ लागली. आज ही सेवा ७० लाखांहून अधिक चौरस किलोमीटर सांभाळते, भारताच्या दुपटीहून जास्त. नलारबोर पठारावरच्या आयर हायवेवर काही ठिकाणी डांबरावर धावपट्टीचे पांढरे पट्टे रंगवले आहेत, कारण गरज पडली तर विमान रस्त्यावरच उतरतं. त्याच हायवेवर १४६.६ किलोमीटरचा एक टप्पा आहे, ज्यात एकही वळण नाही. मुंबई-पुणे अंतर झोप न लागू देता सरळ काढायचं.

विमान पोचेपर्यंत मधल्या वेळेसाठी एक पेटी असते. दूरच्या मळ्यांवर, रोडहाऊसवर, वस्त्यांवर या सेवेने १९४२ पासून औषधांच्या पेट्या ठेवल्या. त्यातल्या प्रत्येक औषधावर क्रमांक असतो. सोबत माणसाच्या शरीराचा तक्ता, पुढून आणि मागून, चौकटी पाडून आकडे घातलेला. शेकडो किलोमीटरवरचा डॉक्टर विचारतो, कुठे दुखतंय? पलीकडून कुणी गुराखी, स्वयंपाकी किंवा पंपावरची बाई आजाऱ्याच्या अंगावर हात ठेवून तक्त्यातला आकडा सांगते. मग डॉक्टर पेटीतल्या औषधाचा आकडा सांगतो, किती द्यायचं ते सांगतो, आणि फोन चालू ठेवायला सांगतो.