कुंपणावरचा मोगरा

पुण्याचा वसंत हळुवार पावलांनी वगैरे येत नाही. पाडव्याची गुढी उतरते न उतरते तोच पारा चाळिशीकडे सरकू लागतो, दुपारी रस्ते ओस पडतात, गॅलरीतली तुळस मान टाकते आणि भाजीवाल्याच्या गाडीवर कोथिंबिरीची जुडी दहाच मिनिटांत म्हातारी होते. तरीही सकाळी साडेसहा ते आठ आणि दिवेलागणीचा तासभर, एवढा मुलूख या ऋतूने आपल्यासाठी राखून ठेवलेला असतो. चैत्र-वैशाखातली सगळी सुखं मला वाटतं या अडीच तासांतच मावतात. माठात टाकलेली वाळ्याची पुरचुंडी, झाडांना पाणी घालताना तापलेल्या मातीचा उठणारा वास, रस्त्याकडेला रात्रीत पिवळा झालेला बहावा, आणि मोगरा. मोगरा तर आधी.

आमचा मोगरा खरं तर आमचा नव्हेच. तो कुंपणापलीकडचा, माईंचा. माईंची सोसायटी १९७४ सालची. दुमजली, बैठ्या बांधणीच्या चार इमारती, आणि तळमजल्यावाल्यांना मागे हातभर रुंदीची बाग. मी लग्न होऊन शेजारच्या घरात आले ती १९८४ मध्ये. दोन वर्षांनी माईंनी कुंपणालगत बटमोगऱ्याचं रोप लावलं आणि त्याने कुंपण वगैरे काही मानलंच नाही. निम्म्या फांद्या त्यांच्याकडे, निम्म्या आमच्याकडे. 'ज्याच्या अंगणात कळी, त्याचं फूल' असा कायदा माईंनी पहिल्याच वर्षी करून टाकला आणि पहिल्याच वर्षी तो मोडलाही. माझ्या बाजूच्या कळ्या कमी भरल्या की त्या आपली ओंजळ कुंपणावरून पुढे करायच्या. "घे गं, देवाला वाहायला तरी होतील."

त्यांच्याकडूनच मी मोगरा शिकले. दिवाळीनंतर पाणी तोडायचं, झाडाला उपाशी ठेवायचं. जानेवारीत निर्दयपणे छाटायचं, पानंही ओरबाडायची. मग बुंध्याभोवतीची माती उकरून शेणखत घालायचं आणि पाणी पुन्हा सुरू करायचं. नवी फूट आली की तिच्या टोकाला कळ्या. ज्याने छाटणीला हात आखडता घेतला त्याच्याकडे पानं भरपूर आणि फुलं मोजकी, हे मी स्वतः दोन वर्षं भोगलं आहे. कळ्या काढायच्या त्या दिवेलागणीपूर्वी, टपोऱ्या पण मिटलेल्या. त्या ओल्या फडक्यात ठेवल्या की रात्री जेवणं होईतो फडकं उघडायची गरजच राहत नाही, घरभर वर्दी गेलेली असते.

आता जरा फोटोंकडे वळते, कारण या मोगऱ्याची आणि माझ्या कॅमेऱ्याची गोष्ट एकच आहे.

लग्नात माझ्या भावाने मला अग्फाचा क्लिक थ्री दिला होता. त्या वयाच्या वाचकांना तो काळा डबा आठवत असेल. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. बारा म्हणजे बाराच! सहलीला दोन, वाढदिवसाला चार, पाहुणे आले की एक, असं बजेट असायचं आणि रोल संपून धुऊन येईपर्यंत पहिल्या फोटोतलं बाळ चालायला लागलेलं असायचं. या कॅमेऱ्याला फुलाजवळ जाणं जमत नसे. हातभर अंतरावरून फूल टिपायला जावं तर कागदावर उमटायचा पांढरा धूर. म्हणून मागे सरायचं, आणि एवढं मागे सरून नुसतं झुडूप कशाला टिपायचं, एक फोटो वाया जाईल, म्हणून शेजारी कोणाला तरी उभं करायचं. १९८७ च्या चैत्रातला माझा मोगऱ्याचा पहिला फोटो असा आहे: डावीकडे झुडूप, उजवीकडे माई, उन्हामुळे एक डोळा बारीक केलेला, हातात झारी, पायाशी माझा मुलगा. मोगरा जेमतेम तिळाएवढा दिसतो.

१९९२ मध्ये मी झेनिट घेतला. रशियन, विटेएवढा जड, पण ३६ फोटो घेणारा आणि काचा बदलता येणारा. त्याला क्लोजअपच्या रिंगा लावल्या आणि मी फुलांच्या जवळ गेले. इतकी जवळ, की पाकळीवरचा दवाचा थेंब आणि त्या थेंबात उलटं दिसणारं आमचं घर! पांढरं फूल टिपणं फार अवघड असतं. ऊन थेट पडलं की पाकळ्या जळतात, म्हणजे फोटोत नुसता पांढरा ठिपका उरतो. कॅमेऱ्याच्या काट्यावर विसंबावं तर भोवतीच्या गर्द पानांना तो भुलतो आणि फूल आणखीच पांढरं करून ठेवतो. उपाय माईंनी काढला. उन्हाच्या बाजूला जुनं मलमलचं पातळ धरायचं आणि समोरून थर्माकोलचा तुकडा, म्हणजे सावलीतल्या पाकळीवर उजेड परततो. एका हातात पातळ, दुसऱ्या हातात थर्माकोल, अशा त्या मेंदीच्या कुंपणात अडकून उभ्या राहायच्या. "झालं का गं? दूध उतू जाईल माझं." दूध दोनदा उतू गेलंही.

आता मोबाइल आहे. फुलावर बोट ठेवायचं, उजेड थोडा खाली ओढायचा, झालं. मलमल नको, थर्माकोल नको, दुधाची भीती नको. गेल्या काही वर्षांत मी मोगऱ्याचे किती फोटो काढले असतील याचा हिशेब लागत नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत माईंच्या सोसायटीची सभा झाली आणि पुनर्विकासाचं नक्की ठरलं. पुण्यात आता हे घरोघरी चाललं आहे, त्यात नवल नाही. माईंची तक्रारही नव्हती. ७९ वर्षांचे गुडघे, गळकी गच्ची, पाण्याचे गंजलेले नळ, यांचं त्या काय कौतुक करणार! लिफ्ट हवी होती, ती मिळणार होती. मेअखेर जागा रिकामी करायची, तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची, मग आठव्या मजल्यावर नवं घर. झाडं तोडायची तर १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते. आंब्याच्या आणि बहाव्याच्या खोडांवर नोटिसा चिकटल्या, त्या माईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचल्या. मोगऱ्यावर नोटीस नव्हती. झुडपाला झाड कोण म्हणतो?

"उपटून कुंडीत लावूया," मी म्हटलं.

"उन्हाळ्यात? आणि ऐन फुलावर आलेलं? मरेल ते. एकोणचाळीस वर्षांची मुळं आहेत, कुंडीत मावतील का?" माई म्हणाल्या. "दाब कलम करू."

दाब कलमाचा खरा हंगाम पावसाळा. पण पावसाळ्यापर्यंत थांबायला अंगण तर हवं! त्या वर्षी पाडवा ३० मार्चला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कुंपणाच्या दोन बाजूंना बसलो. छाटणीतून सुटलेल्या, जमिनीलगतच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार फांद्या निवडल्या. डोळ्याच्या खालच्या अंगाने तिरका काप घ्यायचा, फांदी वाकवून तो भाग शेजारच्या कुंडीतल्या मातीत पुरायचा, वर दगड ठेवायचा, टोक बाहेर मोकळं. फांदी आईचं दूध पीत राहते आणि मातीत चोरून स्वतःची मुळं धरते. अट एकच, माती दोन महिने सुकता कामा नये. चाकू माझ्या हातात होता आणि माईंचा हात माझ्या मनगटावर. त्यांना आता बारीक दिसत नाही, पण काप किती खोल गेला ते त्यांना बरोबर कळत होतं. "बस्स. आता थांब."

मग एप्रिलभर रोज दोन वेळा पाणी. एकीकडे त्यांच्या घरी खोकी भरणं चाललेलं, पितळी भांडी कोणाला, पाट कोणाला, हे वाटप चाललेलं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू मात्र त्यांनी ठरवून थाटात केलं. दारात चैत्रांगण काढलं, गुडघ्यांमुळे त्यातली गोपद्मं आणि शंख-चक्र मला काढावी लागली आणि माझा हत्ती डुकरासारखा झाला म्हणून बायका हसल्या. आंब्याची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे, कलिंगडाचं कमळ. मनगटावर चंदनाचं गंध लावून त्यावर शिंपल्याने नक्षी ओढायची पद्धत आता फार घरांत राहिलेली नाही. माईंकडे ती होती. प्रत्येकीच्या हातात पाच मोगऱ्याच्या कळ्या, कुंपणावरच्या.

त्या रात्री मला माईंचा एक चांगला फोटो त्यांना फ्रेम करून द्यावा असं वाटलं, म्हणून मी सगळे फोटो चाळले. मोबाइलमधले, कॉम्प्युटरमधले, कपाटातले अल्बम. आणि माझ्या लक्षात आलं ते असं की, १९९२ नंतर मोगऱ्याच्या फोटोंत माई नाहीतच! फुलं आहेत, एकाहून एक. कळ्या आहेत, दव आहे, मुंगी आहे. एका फोटोच्या कोपऱ्यात दोन हिरव्या बांगड्या आणि थर्माकोलची कड आहे. कॅमेरा चांगला झाला तशी मी फुलाजवळ गेले आणि शेजारचं माणूस चौकटीबाहेर गेलं. ते तिथेच होतं, हातभर अंतरावर, उजेड धरून. एकटा क्लिक थ्री तेवढा त्यांना चौकटीत घेत होता, तोही त्याला धड फूल टिपता येत नव्हतं म्हणून.

मग मेमध्ये मी मागे सरून फोटो काढले. झारीसह माई, खोक्यांसह माई, कुंडीतल्या दगडावर हात ठेवलेल्या माई. त्या चिडायच्या. "अगं, फुलाचा काढ ना, माझा काय काढतेस? केस बघ माझे." ऊन वरून पडत होतं, सावल्या कुठेही होत्या, एकाही फोटोला कोणी बक्षीस देणार नाही.

माती सुकू न देण्याचं काम शेवटच्या आठवड्यात आमच्या हातातून कोणी काढूनच घेतलं. २०२५ चा तो मे आठवत असेल. वळवाने झोडपलं आणि पाठोपाठ मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि दोनच दिवसांत, २६ मे रोजी, मुंबई-पुण्यात येऊन उभा राहिला. जूनचा पाहुणा मेमध्येच! माईंचं सामान भिजलं, टेम्पोवाला वैतागला, गाद्या माझ्या दिवाणखान्यात दोन दिवस वाळत पडल्या. पण ३० मेच्या सकाळी चिखलात बसून कुंड्यांतली माती बोटाने उकरली, तर चारांपैकी दोन फांद्यांना पांढरी, दोऱ्यासारखी मुळं होती. उरलेल्या दोन सडल्या होत्या. आईकडच्या बाजूने फांदी कापली तेव्हा माईंनी तोंड फिरवलं आणि मग लगेच, "काप सरळ घे," असं बजावलं.

एक कुंडी माझ्याकडे राहिली. दुसरी माईंबरोबर टेम्पोत, त्यांच्या मांडीवर, भाड्याच्या घरी तिसऱ्या मजल्यावर गेली. तिथली गॅलरी पश्चिमेची. दुपारचं ऊन फार, म्हणून त्यांनी कुंडीवर सावली बांधली आहे, त्याच मलमलच्या पातळाची. पलीकडचं अंगण आता पत्र्याच्या कुंपणाआड आहे. आंबा सीमेवरचा म्हणून वाचला, बहावा गेला.

माझ्या रोपाने अजून नुसती पानंच काढली आहेत, मी छाटणीला पुन्हा हात आखडता घेतला असावा. माईंचा मात्र परवा सकाळी सातला फोन आला. "अकरा कळ्या आहेत. मोज." मागोमाग त्यांनी स्वतः काढलेला फोटो आला, आयुष्यातला पहिलाच. त्यात कळ्या दोन दिसतात, त्याही धूसर. बाकी चौकट त्यांच्या अंगठ्याने भरली आहे.